स्टिरॉइडचा कोर्स झाला असेल तर डोळे असे तपासून घ्या

कोविडसाठी गोळ्या-इंजेक्शने घेतलेली असोत, डोळ्याजवळच्या नागिणीसाठी असोत किंवा डोळे आले म्हणून थेंब टाकलेले असोत, आधी यादी करा. कोणते स्टिरॉइड, किती मिलिग्रॅम, किती दिवस. इनहेलर, नाकातला स्प्रे आणि त्वचेचे मलमही त्यात लिहा. आकडा लहान म्हणून डोस लहान असे समजू नका. डेक्सामेथासोनचे ६ मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचे साधारण ४०.

कोर्स चालू असेल तर तो स्वतःच्या मनाने तोडू नका. तीन आठवड्यांहून जास्त घेतलेल्या गोळ्या एकदम बंद केल्या तर जिवावर बेतू शकते.

काही लक्षणे मात्र अपॉइंटमेंटची वाट पाहण्यासारखी नसतात. एका बाजूचा चेहरा किंवा डोळ्यामागे दुखणे, गाल बधिर होणे, नाकातून काळपट स्राव, पापणी खाली येणे, डोळा बाहेर आल्यासारखा दिसणे, एकाची दोन दिसणे, नजर अचानक जाणे. ही म्युकरमायकोसिसची (काळ्या बुरशीच्या संसर्गाची) चिन्हे असू शकतात, आणि स्टिरॉइडबरोबर साखर वाढलेली असेल तर शंका दुप्पट घ्या. ही बुरशी काही तासांत पुढे सरकते. रात्र असली तरी त्याच वेळी मोठ्या रुग्णालयात जा. सकाळपर्यंत थांबू नका.

आता डोळ्याचे प्रेशर. सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे. डोळ्यातले पाणी ज्या जाळीतून बाहेर झिरपते, तिथला निचरा स्टिरॉइडमुळे मंदावतो, आतला दाब वाढतो आणि दृष्टीची नस हळूहळू मरत जाते. बहुतेकांना दुखत नाही, डोळा लाल होत नाही, तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचता येते, कारण आधी जाते ती कडेची नजर. गेलेली नस परत येत नाही. म्हणून ‘तुम्हाला स्वच्छ दिसतंय, मग कशाला तपासता?’ हा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नका.

दुसरी फसगत वेळेची. थेंबांनी दाब वाढायला साधारण ३ ते ६ आठवडे लागतात, गोळ्यांनी बऱ्याचदा त्याहूनही जास्त. पहिल्या आठवड्यात प्रेशर १४, म्हणजे सर्वसाधारण, आले म्हणजे सुटलो, असे अजिबात नाही. औषध दोन आठवड्यांपलीकडे जाणार असेल तर सुरुवातीला एकदा मोजा, महिन्याभरात पुन्हा मोजा, आणि औषध चालू असेपर्यंत डॉक्टर सांगतील त्या अंतराने मोजत राहा. घरात कोणाला काचबिंदू असेल, मायनस नंबर मोठा असेल, मधुमेह असेल किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर यातली एकही तपासणी चुकवू नका.

मोजणीही नीट व्हायला हवी. सर्वसाधारण प्रेशर १० ते २१ (मिलिमीटर पारा) मानतात. हवेची फुंकर मारणारे यंत्र चाळणीपुरते ठीक. आकडा २१ च्या वर गेला किंवा दोन डोळ्यांत ठळक फरक दिसला तर सुन्न करणारा थेंब टाकून अॅप्लनेशन टोनोमीटरवर (डोळ्याला हलके टेकवून दाब मोजणाऱ्या यंत्रावर) मोजायला सांगा. गळ्याजवळची कॉलर सैल करा, श्वास रोखू नका, पापण्या आवळू नका. या तिन्हींमुळे प्रेशर खोटे वाढलेले येते. उलट कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग) पातळ असेल तर आकडा खोटा कमी येतो, म्हणून एकदा पॅकिमेट्री करून जाडी नोंदवून ठेवा. आणि नुसत्या आकड्यावर घरी परतू नका: नस पाहून घ्या, शंका असेल तर फील्ड टेस्ट (कडेच्या नजरेची चाचणी) आणि ओसीटी (नसेच्या थरांचा स्कॅन) करा.

दाब वाढलेला निघाला तर औषध बदलायचे की दाब उतरवणारे थेंब जोडायचे, हे डॉक्टर ठरवतील. फ्लुरोमेथोलोन आणि लोटेप्रेडनॉल हे थेंब तुलनेने कमी दाब वाढवतात. कोर्स थोडक्यात आटोपला असेल तर औषध थांबल्यावर प्रेशर बहुधा १ ते ४ आठवड्यांत खाली येते. वर्षानुवर्षे थेंब टाकलेल्यांचे मात्र येईलच असे नाही.

डोळ्यामागच्या पडद्यासाठी (रेटिना) घरची चाचणी सोपी आहे: मध्ये ठिपका असलेला चौकटींचा कागद, वाचायचा चष्मा, हातभर अंतर, एक डोळा तळहाताने पूर्ण झाकलेला. मधल्या ठिपक्याकडे पाहताना रेषा वाकड्या दिसल्या किंवा मध्ये करडा डाग आला तर पडद्याखाली पाणी साचलेले असू शकते. आठवड्याच्या आत दाखवा. दोन्ही डोळे उघडे ठेवून केलेली चाचणी फुकट जाते, चांगला डोळा दुसऱ्याची उणीव झाकतो.

उन्हात किंवा समोरच्या दिव्यांनी डोळे दिपत असतील तर मोतीबिंदू तपासा. नजर दिवसागणिक कमी-जास्त होत असेल तर आधी साखर बघा, आणि ती काही आठवडे स्थिर होईपर्यंत नवा चष्मा करू नका.

उरलेली थेंबांची बाटली पुढच्या वेळी डोळा लाल झाला म्हणून कधीच वापरू नका. तो लालपणा नागिणीच्या जातीच्या हर्पिस विषाणूचा असला तर नुसत्या स्टिरॉइडने कॉर्नियावरची जखम पसरते आणि कायमचा पांढरा डाग राहतो. आधी रंगाचा थेंब टाकून स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर) तपासणी, मगच औषध.