कीबोर्ड बोटांना पटत नाही? स्विच बदलण्याआधी या चुका टाळा

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र, स्प्रिंगवाला स्विच असतो. असा नवा कीबोर्ड आवडला नाही की दोष ठरलेला: स्विच चुकले. मग लाल काढून तपकिरी, तपकिरी काढून निळे (स्विचचे प्रकार रंगांवरून ओळखतात). बऱ्याच वेळा दुखणं भलतीकडेच असतं.

आधी आकड्यांचं बघू. चेरी कंपनीच्या एमएक्स रेड (लाल) स्विचला 45 सेंटिन्यूटन (बलाचं एकक) जोर लागतो, ब्राउनला (तपकिरी) 55. दोन्हींत बटण 2 मिलिमीटर खाली गेलं की अक्षर उमटतं आणि तळ 4 मिलिमीटरवर लागतो. पण बहुतेक जण प्रत्येक बटण तळापर्यंत आपटतात. अशा हाताला हलका स्विच दिला तर आपटणं वाढतं आणि बोटं आणखी दमतात. विचार करताना बोटं बटणांवर टेकवून ठेवायची सवय असेल तर हलक्या स्विचवर नको ती अक्षरंही उमटतात. दोन्ही तक्रारींवर थोडी जड स्प्रिंग हा उपाय. आणि सुटा स्विच बोटात धरून दाबून पाहण्यावर फार विसंबू नका. स्विच ज्यात बसतात ती प्लेट, कीबोर्डचं बाहेरचं कवच आणि कीकॅप (बटणावरची टोपी) यांनी स्पर्श नि आवाज दोन्ही बदलतात.

स्पेसबार खडखडतो, बाकी सगळं ठीक? मग खालच्या स्टॅबिलायझरची (लांब बटण समतोल ठेवणाऱ्या भागाची) तार सैल वाजतेय. तारेच्या टोकांना किंचित डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावा. गंज काढायचा स्प्रे मात्र मारू नका.

मनगट दुखतंय? कीबोर्डचे मागचे पाय मिटवा. ते उघडले की हात वरच्या बाजूला मुडपतो. मेकॅनिकल कीबोर्ड मुळातच उंच, त्यात ही भर कशाला!

शिफ्ट आणि 2 दाबल्यावर ॲटच्या चिन्हाऐवजी दुहेरी अवतरण येत असेल तर कीबोर्ड बिघडलेला नाही, सेटिंगमध्ये बहुधा ब्रिटिश लेआउट (बटणांवरच्या अक्षर-चिन्हांची मांडणी) आहे. विंडोजमध्ये विंडोज की आणि स्पेसबार एकत्र दाबून लेआउट बदलतो. चुकून तेच झालं नाही ना, पाहा.

60 टक्के आकाराचा छोटा कीबोर्ड टेबलावर छान दिसतो, पण बाणांची वेगळी बटणं जातात, त्यांचं काम एफएन बटण दाबून धरून दुसऱ्या बटणांनी करावं लागतं. दिवसभर एक्सेल किंवा मजकूर संपादन करणाऱ्यांनी मोह आवरावा, हे माझं ठाम मत. 87 बटणांच्या टीकेएल (टेनकीलेस) कीबोर्डमध्ये फक्त नंबरपॅड जातो.

ड्वोराक (पेटंट 1936) किंवा कोलमॅक (2006) हे नेहमीच्या क्वर्टीपेक्षा वेगळे लेआउट शिकायचे तर खुशाल शिका, पण जुन्याच कीबोर्डवर. कीबोर्ड आणि लेआउट एकदम बदलले की अडतंय कुठे हे कळेनासं होतं. कोलमॅकमध्ये झेड, एक्स, सी, व्ही जागेवरच राहतात, त्यामुळे कॉपी-पेस्टची सवय मोडत नाही.

एकदा दाबून अक्षर दोनदा येतं, ही तक्रार मात्र खरोखर स्विचची असू शकते. हॉट-स्वॅप (सोल्डरिंगशिवाय स्विच काढता-बसवता येणारा) कीबोर्ड असेल तर तो स्विच शेजारच्याशी अदलाबदल करा. दोष स्विचबरोबर सरकला तर स्विच बदला. जागेवरच राहिला तर सॉकेट किंवा बोर्ड तपासा. स्विच बसवताना सरळ दाबा. बसवल्यावर बटण मेलंच, तर बहुधा पिन वाकलीय: स्विच काढा आणि चिमट्याने ती सरळ करा. पाच पायांचा स्विच तीन भोकांच्या बोर्डात बसत नसेल तर प्लास्टिकचे दोन बारीक पाय कापून टाकले तरी चालतात.