टवक्यांतून पुन्हा पुन्हा येणारा गंज : माझा अनुभव

रत्नागिरीहून मुंबई-गोवा महामार्गाने नेहमी जाणे-येणे असल्यामुळे उडत्या खडीने माझ्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर मोहरीएवढे अकरा टवके पाडले आणि खाऱ्या हवेने त्यांपैकी चारांत गंज धरला. टचअपचा रंग दोनदा थेट लावला. दोन्ही वेळा पावसाळ्यात रंगाखालून तांबूस फुगवटा वर आला. वैताग आला, हे खरे.

पत्र्यावर प्रायमर (रंगाखालचे अस्तर), मूळ रंग आणि पारदर्शक लॅकर असे थर असतात. मी मधला एकच थर भरत होतो, तोही गंजावर.

दिवाळीनंतर, कोरड्या हवेत, गाडी सावलीत उभी करून बॉनेट शाम्पू व गोड्या पाण्याने धुतले. सुटलेले पापुद्रे टूथपिकने काढले आणि पेन्सिलीच्या टोकाला ४०० नंबरच्या पॉलिश पेपरचा बारीक तुकडा चिकटवून, लखलखीत पत्रा दिसेपर्यंत फक्त खड्डा घासला. (तळाशी करडा प्रायमर शाबूत असेल, तर हे घासणे टाळावे.) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून टूथपिकने प्रायमरचा थेंब सोडला. दुसऱ्या दिवशी, दाराच्या खांबावरील स्टिकरवरचा रंग-कोड पाहून आणलेल्या रंगाचे तीन पातळ हात तासातासाने दिले, कारण रंग वाळताना आकसतो. लॅकर मात्र पृष्ठभागाच्या किंचित वर येईल इतके भरले. आठवड्याने तेवढाच उंचवटा २००० नंबरच्या ओल्या पेपरने उतरवून रबिंग कंपाउंड (चकाकी आणणारी बारीक घासणीची पेस्ट) फिरवले.

त्यानंतरचा पावसाळा गंजाविना गेला. तिरप्या उन्हात डाग अजून ओळखू येतात.