नृत्याच्या माहितीपटात या चुका टाळा

पणजीच्या कला अकादमीत किंवा मडगावच्या रवींद्र भवनात एखाद्या व्यावसायिक नृत्यसंचाचा प्रयोग असला की हल्ली दोन-तीन कॅमेरे हमखास लागलेले असतात. फुटेज ढीगभर जमतं, पण एडिटला बसल्यावर त्यात नाचच सापडत नाही. बहुतेक वेळा याचं मूळ चेहऱ्याच्या मोहात असतं.

कथकचा तत्कार, म्हणजे पायांचं काम, चालू असताना कॅमेरा डोळ्यांवर राहिला की पावलं गेली, आणि ती परत मिळत नाहीत. आपल्या गोफाचं तर याहून वाईट होतं. वर टांगलेल्या रंगीत दोऱ्यांची वेणी नाचता नाचता गुंफायची आणि मग उलट फेर धरून सोडवायची, हेच तर त्या नाचाचं कथानक! क्लोज-अपमध्ये उरतात नुसते हात. म्हणून एक कॅमेरा उंचावर, बाल्कनीत, ट्रायपॉडवर पक्का करा. डोक्यापासून पायापर्यंत सगळे नर्तक आणि रंगमंचाची जमीन फ्रेममध्ये हवी. प्रयोग संपेपर्यंत त्याला हात लावू नका. समई नृत्य असेल तर डोक्यावरच्या समईसाठी वर जागा सोडा, नाहीतर ज्योतीच कापल्या जातात.

दुसरी चूक आवाजाची, आणि ती मला जास्त खुपते. सभागृहाच्या मिक्सरवरून घेतलेल्या लाइनमध्ये गाणं, तबला, घुमट (मातीच्या मडक्याचं गोव्याचं तालवाद्य) नीट येतं. घुंगरू मात्र जवळजवळ येतच नाहीत. रंगमंचाच्या पुढच्या कडेला खाली वेगळा माइक ठेवा, त्याचा ट्रॅकही वेगळा घ्या. पाऊल आणि आवाज जुळत नसतील तर अंतर तपासा. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेमच्या चित्रीकरणात सुमारे 14 मीटरला एक फ्रेम मागे पडतो. शेवटच्या रांगेतल्या कॅमेऱ्याचा आवाज तसाच वापरला तर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकल्यासारखी दिसते. त्यात नर्तिकेची नाहक बदनामी होते.

चेहरे पांढरेफटक येत असतील तर ऑटो एक्स्पोजर बंद करा. मागचा काळा पडदा कॅमेऱ्याला फसवतो. व्हाइट बॅलन्सही (रंगछटेचं सेटिंग) लॉक करा. एलईडी पडद्यावर पट्टे सरकताना दिसले तर शटरचा वेग 1/50 च्या आसपास थोडा थोडा बदलून पाहा, कारण पडदा स्वतःच्या वेगाने लुकलुकत असतो. ही तपासणी रंगीत तालमीतच उरकावी. एसी सभागृहातून गोव्याच्या दमट हवेत कॅमेरा एकदम उघडलात तर लेन्सवर वाफ धरणारच. थोडा वेळ तो बंद बॅगेतच राहू द्या.

एडिटमध्ये तिहाई (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं) सुरू झाली की कात्री बाजूला ठेवा. तिसरा पल्ला समेवर येईपर्यंत शॉट तोडू नका, मग हवं तिथे जा.

परवानग्या तोंडी नकोत. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात नर्तकही ‘परफॉर्मर’ आहेत आणि नृत्यरचनेला वेगळं संरक्षण मिळू शकतं. संचाची, नृत्यदिग्दर्शकाची आणि वाजवलेल्या ध्वनिमुद्रित संगीताच्या मालकाची लेखी संमती चित्रीकरणाआधीच घ्या.

आणि मुलाखत प्रयोग संपल्या संपल्या विंगेत घेऊ नका. धापा टाकणारा माणूस ‘खूप छान वाटलं’ याशिवाय काय सांगणार? दोन दिवसांनी तालमीच्या जागी जा, त्याला त्याचंच फुटेज दाखवा आणि एकाच तुकड्याबद्दल विचारा: इथे वजन कुठल्या पायावर होतं?