नवा राउटर, नवं नॅस: आधी काय, मग काय

राउटर आणि नॅस (नेटवर्कला जोडलेला, घरातल्या सगळ्यांच्या फाइली साठवणारा डिस्कचा डबा) एकाच रविवारी बदलायला काढलं, की सोमवारी घरात कटकट ठरलेली. नेट चालतंय पण फाइली दिसत नाहीत, आणि दोष राउटरचा, केबलचा की नॅसचा हे काही कळत नाही. म्हणून क्रम सोडू नका: आधी डेटाची जादा प्रत, मग केबल, मग राउटर, आणि तो दोन-चार दिवस सुरळीत चालला की मग नॅस.

बऱ्याच घरांतली मांडणी सारखीच असते. ३०० एमबीपीएसचं फायबर, कंपनीने दिलेला ओएनटीचा, म्हणजे फायबर जिथे येऊन जोडली जाते तो डबा, त्यातच वायफाय, आणि त्याच्या यूएसबीला लटकवलेली २ टीबीची पोर्टेबल डिस्क. सगळ्यांचे फोटो तिच्यावरच. ही डिस्क विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटनंतर काही लॅपटॉपवर दिसेनाशी होते. विंडोज आता एसएमबी (नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याची पद्धत) वापरताना साइनिंग, म्हणजे प्रत्येक संदेशावर खात्रीची सही, मागतं आणि पासवर्डविना पाहुणा म्हणून आत शिरणं नाकारतं, आणि राउटरमधला जुनाट शेअर (नेटवर्कवर सामायिक केलेला फोल्डर) यातलं काहीच पुरवू शकत नाही. विंडोजची सुरक्षा ढिली करून हे जमवण्याच्या युक्त्या सापडतात, पण त्या नादी लागू नका. शेअर बदलणं हाच उपाय.

आधी डिस्कची तब्येत

जुनी डिस्क राउटरवरून काढून लॅपटॉपला लावा आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर चालवा. ‘रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर’ किंवा ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागा) यांच्या पुढे शून्याखेरीज काही दिसलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी प्रत काढा, कारण अशी डिस्क आठवडाभर चालेल की वर्षभर हे कुणी सांगू शकत नाही. प्रतीसाठी दुसरी २ टीबीची पोर्टेबल डिस्क घ्या. हा खर्च वाया जात नाही, पुढे तीच बॅकअपला लागते. कॉपी झाली की दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण बाइट जुळतात का ते प्रॉपर्टीजमध्ये बघा. रोबोकॉपी ही विंडोजची कॉपीची आज्ञा वापरणाऱ्यांनी ‘एमआयआर’ या स्विचपासून जपावं. मूळ जागी नसलेलं सगळं तो दुसरीकडून पुसतो. पत्ते लिहिताना उलटसुलट झालं तर रिकाम्या डिस्कचा आरसा भरलेल्या डिस्कवर उमटतो.

केबल

वेग मंद असला की बोट राउटरकडे दाखवलं जातं, पण पुष्कळदा गुन्हेगार भिंतीतल्या पाइपात असतो. लॅपटॉप केबलने जोडा आणि विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड वाचा. १००० ऐवजी १०० दिसतंय आणि स्पीड टेस्ट ९५ च्या आसपास अडकते आहे? गिगाबिटला (म्हणजे १००० ला) केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला फक्त नारिंगी आणि हिरवी पुरते. निळी किंवा तपकिरी जोडी तुटली तरी नेट चालत राहतं, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातच येत नाही. चारही जोड्या ठीक असतील तर एखादं पोर्ट मुळातच १०० चं असणार. स्वस्त राउटरमध्ये आणि जुन्या ओएनटीत अजूनही तशी पोर्टं असतात.

फरक केवढा, ते नॅसवर कॉपी करताना कळतं. १०० एमबीपीएसवर सेकंदाला जेमतेम ११ एमबी सरकतात, गिगाबिटवर साधारण ११०. म्हणजे १ टीबीला एकीकडे २५ तास, दुसरीकडे अडीच.

नवी केबल कॅट ६ घ्या, पण अस्सल तांब्याची. बाजारात वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी केबल सर्रास मिळते. एका तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत चंदेरी निघालं तर बंडल परत करा. ती तार दोन-तीनदा वाकवली की तुटते, आणि नेमकी कनेक्टरच्या तोंडाशी तुटते.

कनेक्टर स्वतः बसवायचा असेल तर वरचं आवरण दोन-अडीच सेंटिमीटर सोला. जोड्यांचा पीळ मात्र सव्वा सेंटिमीटरच्या वर सुटू देऊ नका. कनेक्टरची क्लिप खाली आणि तारा शिरतात ती बाजू आपल्याकडे धरली, तर डावीकडून क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळी जोडी मध्ये आणि हिरवी तिच्या दोन्ही अंगांना, इथेच हात चुकतो. तारा एका रेषेत कापून आत ढकला आणि समोरच्या पारदर्शक टोकातून बघा: आठही तांब्याचे ठिपके दिसले पाहिजेत. बाहेरचं आवरणही कनेक्टरमधल्या पाचरेखाली गेलेलं हवं, नाहीतर पहिल्या हिसक्यात सगळं निसटतं. क्रिम्प केल्यावर (पकडीने दाबून पक्का केल्यावर) केबल टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागतात का ते बघा. आणि केबल लाइटच्या वायरिंगच्या पाइपातून ओढू नका, वायरमन कितीही म्हणाला तरी.

फायबरच्या हिरव्या टोकाला मात्र हात लावू नका. ते काढून फुंकर मारायची, घट्ट गुंडाळी करून खिळ्याला अडकवायची, आणि मग ओएनटीवर ‘एलओएस’चा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला म्हणून तक्रार नोंदवायची, हा प्रकार टाळता येण्याजोगा आहे.

राउटर

जागा आधी ठरवा. ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, ज्यांना बांधकामवाले मायवान म्हणतात त्या इमारतींत आतल्या भिंतीही काँक्रीटच्या आणि त्यांत सळया. तिथे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय दुसऱ्या भिंतीनंतर दम टाकतं. राउटर कितीही महाग घेतलात तरी भिंत तीच. अशा घरात एका बलाढ्य राउटरपेक्षा दोन मध्यम राउटर घ्या आणि दुसरा केबलने जोडून ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसतं वायफाय पसरवायला, चालवा. विटांच्या भिंती असतील तर हॉलच्या मध्याजवळ, टीव्हीच्या मागे न लपवता, एकच राउटर बहुधा पुरतो.

जुना काढण्याआधी त्याच्या सेटिंगच्या पानांचे फोटो घ्या: वॅनचा (बाहेरच्या जोडणीचा) प्रकार, पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने होणारी जोडणी) असेल तर युजरनेम, व्हीलॅन (कंपनीने जोडणीला दिलेला) क्रमांक. पासवर्ड तिथे ठिपक्यांत दिसतो, म्हणून तो कंपनीकडून आधीच मागून घ्या. मग दोन रस्ते आहेत.

पहिला, ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकून घ्यायचा, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नेट नुसतं पुढे देतो. हे बहुधा कंपनीच्याच माणसाला करावं लागतं. त्यानंतर पीपीपीओईचं लॉगिन नव्या राउटरमध्ये भरायचं. लॉगिन बरोबर असूनही जोडणी होत नसेल तर खात्याला जुन्या डब्याचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) बांधलेला असू शकतो. फोन करून तो सोडवून घ्या, किंवा नव्या राउटरमध्ये ‘मॅक क्लोन’ करा, म्हणजे जुन्याचा तो पत्ता नव्याला द्या.

दुसरा, कंपनी ब्रिज देत नसेल तर. ओएनटीचं वायफाय बंद करा आणि नवा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये लावा. तो राउटर मोडमध्येच हवा असेल तर पत्त्यांची टक्कर सांभाळा. दोघेही १९२.१६८.१.१ वर बसले तर नेट मिळत नाही आणि सेटिंगचं पानही भलत्याचंच उघडतं. नव्याला १९२.१६८.५०.१ द्या. मात्र अशा वेळी ओएनटीच्या पोर्टात खोचलेल्या टीव्ही-प्रिंटरना आतलं नॅस सापडत नाही. घरातली प्रत्येक वस्तू नव्या राउटरच्या मागेच जोडा.

वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवा, म्हणजे फोन, प्लग आणि कॅमेरे आपणहून जोडले जातात. सुरक्षा डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिश्र ठेवा. नुसत्या डब्ल्यूपीए३ वर जुना प्रिंटर हटून बसतो. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला रुंदी २० मेगाहर्ट्झ आणि चॅनेल १, ६ किंवा ११. ५ गिगाहर्ट्झला ८० मेगाहर्ट्झ, चॅनेल ३६ किंवा १४९. मधली चॅनेलं रिकामी दिसतात, पण तिथे रडारला वाट द्यावी लागते. रडारची चाहूल लागली की राउटर चॅनेल सोडतो, आणि चालू व्हिडिओ कॉल लटकतो.

नॅस

दोन खणांचं नॅस आणि ४ टीबीच्या दोन डिस्क घराला पुष्कळ झाल्या. डिस्क घेताना ती सीएमआर (माहितीच्या पट्ट्या वेगवेगळ्या लिहिणारी) आहे का ते विचारा. एसएमआर (पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणाऱ्या) डिस्कवर मोठं लिखाण सुरू झालं की वेग कोसळतो, आणि रेड (RAID, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवण्याची मांडणी) पुन्हा बांधताना नॅस तिला नादुरुस्त समजून बाहेर काढू शकतं. वेस्टर्न डिजिटलच्या साध्या ‘रेड’ (Red, हे नुसतं नाव) मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं २०२० मध्ये उघड झालं. त्यांच्या सीएमआर डिस्क ‘रेड प्लस’ नावाने येतात. सीगेटच्या आयर्नवुल्फ सीएमआर असतात.

आता सगळ्यांत महाग पडणारी चूक. फोटोंनी भरलेली जुनी डिस्क नॅसच्या खणात सरकवू नका. नॅस खणातल्या डिस्कला ‘इनिशियलाइज’ करतं, म्हणजे पुसतं. पडद्यावर इशारा येतो, आपण घाईत ‘ओके’ दाबतो, झालं. खणात नव्या डिस्क, जुनी यूएसबीला.

रेड १ निवडा. दोन्ही डिस्कवर तेच लिहिलं जातं, जागा एकीचीच मिळते, आणि पडद्यावर ४ ऐवजी ३.६ दिसलं तर दुकानदाराने फसवलेलं नाही, मोजमाप वेगळं आहे. पण रेड म्हणजे बॅकअप नव्हे. मुलाने फोल्डर उडवला तर तो दोन्हीवरून त्याच क्षणी उडतो. त्यासाठी फाइल सिस्टिम बीटीआरएफएस घेऊन रोजचा स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या फाइलींची परत आणता येणारी नोंद) लावा.

राउटरमध्ये नॅसचा पत्ता राखून ठेवा, समजा १९२.१६८.५०.१०. मग घरच्या प्रत्येकाचं वेगळं खातं काढा. ॲडमिनचं खातं फोल्डर उघडायला वापरायचं नाही. एसएमबीची किमान आवृत्ती २ ठेवा, आवृत्ती १ बंद. विंडोजमध्ये दोन बॅकस्लॅश आणि पत्ता लिहिला की फोल्डर दिसतात. पासवर्ड बरोबर असूनही ‘एकाहून अधिक युजरनेम’ अशी तक्रार आली, तर त्या लॅपटॉपवरून आधीच दुसऱ्या नावाने जोडणी झालेली आहे. क्रेडेन्शियल मॅनेजरमधली जुनी नोंद काढून पुन्हा लॉगिन करा.

बाहेरून फाइली हव्यात म्हणून राउटरमध्ये पोर्ट (इंटरनेटवरून आत यायचं दार) उघडू नका. २०२२ मध्ये डेडबोल्ट या रॅन्समवेअरने (फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरने) इंटरनेटला थेट उघडी असलेली क्यूनॅप कंपनीची नॅस कुलूपबंद केली होती. तसंही राउटरचा वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात आणि पोर्ट उघडून काहीच होत नाही. टेलस्केल हे पोर्ट न उघडता बाहेरून घरच्या नेटवर्कशी जोडणारं सॉफ्टवेअर दोन्ही परिस्थितींत चालतं.

लाइट आणि ऊन

घरचा इन्व्हर्टर नॅसला पुरेसा नाही. बॅटरी संपत आली हे तो नॅसला सांगू शकत नाही, आणि लिहिता लिहिता लाइट गेली की व्हॉल्यूम (नॅसवरची साठवणीची जागा) बिघडू शकतो. यूएसबी असलेला, नॅस कंपनीच्या चालणाऱ्या यूपीएसच्या यादीतला ६०० व्हीएचा यूपीएस लावा आणि पाच मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सेटिंग करा. राउटर आणि ओएनटीला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस चालतो, फक्त ॲडॉप्टरवर लिहिलेले अँपिअर मोजा. दीड अँपिअरच्या राउटरला एक अँपिअरचा यूपीएस दिला तर तो नेमका लाइट गेल्यावर रीस्टार्ट होत बसतो.

बहुतेक घरगुती नॅसच्या माहितीपत्रकात भोवतालचं कमाल तापमान ४० अंश दिलेलं असतं. अकोला-चंद्रपूरचा मे त्याच्या वर जातो, म्हणून तिथे नॅस बंद कपाटात किंवा माळ्यावर नको. दुपारी डिस्क पन्नाशीला टेकत असेल तर मोठ्या कॉप्या रात्रीवर ढकला.

सगळं नॅसवर आलं, आकडे जुळले, तरी मूळ डिस्क महिनाभर तशीच ठेवा. प्रतीची डिस्क महिन्यातून एकदा नॅसच्या यूएसबीला लावून बॅकअप घ्या, काढा, आणि शक्य असेल तर दुसऱ्या घरी ठेवा. पहिल्या बॅकअपनंतर तिच्यातला एक फोल्डर लॅपटॉपवर परत आणून चार-पाच फोटो उघडून बघा.