रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाशी बोलायचं कसं

आधी त्यांच्या उंचीला या. ते बसलेले असतील तर तुम्हीही बसा, पण दोन हात अंतर ठेवून आणि त्यांची उठून जायची वाट न अडवता. झोपलेल्याला हलवून उठवू नका. उघड्यावर रात्री अंगाला लागलेला हात बहुधा हाकलायला आलेला असतो, म्हणून माणूस दचकून उठतो. पायांच्या बाजूला उभं राहून हलकेच हाक मारा. आपलं नाव सांगा, त्यांचं विचारा. कपडे कसेही असोत, 'अहो'च म्हणा.

काही द्यायच्या आधी विचारा. मी सात वर्षं रात्रीच्या फेरीला जाते. पहिल्याच हिवाळ्यात एका आजोबांच्या अंगावर मी न विचारता पांघरूण घातलं. ते म्हणाले, "पांघरूण आहे गं. खाली घालायला काही आणलंयस का?" थंडी जमिनीतून चढते हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. आता पिशवीत जाड चटई आणि कोरडे मोजे असतातच.

विचारण्याने आपली नजरही बदलते. लसाना हॅरिस आणि सुझन फिस्क या मानसशास्त्रज्ञांना २००६ साली असं आढळलं, की बेघरांचे फोटो पाहताना मेंदूचा माणसांविषयी विचार करणारा भाग एरवीइतका जागाच होत नाही. पुढच्या प्रयोगात 'यांना ही भाजी आवडत असेल का?' एवढाच प्रश्न घातला आणि तो भाग जागा झाला. म्हणून मी आवडनिवड विचारते. चहा की दूध? मोजे काळे की राखाडी? उत्तर द्यायला लोक वेळ घेतात. कित्येकांना बऱ्याच दिवसांत कुणी निवडायला सांगितलेलं नसतं.

एक मात्र नीट लक्षात ठेवा. थंडीत कुणी अडखळत बोलत असेल, झोकांड्या जात असतील, तर 'प्यायलाय' म्हणून पुढे जाऊ नका. शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की माणूस असाच दिसतो. थरथर थांबली असेल तर धोका वाढलेला असतो. लगेच रुग्णवाहिका बोलवा, ओले कपडे बदला, अंगाखाली-अंगावर कोरडं काही घाला. हातपाय चोळू नका, दारू देऊ नका.

बोचक्याला हात लावायचा नाही. कागदपत्रं, औषधं, घरच्यांचा फोटो, सगळं त्यातच असतं. ते नको म्हणाले तर "बरं" म्हणून निघा. आणि खरंच येणार असाल तरच "गुरुवारी येते" म्हणा. ते वाट पाहतात.