रोजचा अभ्यंग घरी कसा करावा

अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल लावणे, म्हटला की आपल्याला नरक चतुर्दशीची पहाट आणि उटण्याचा वास आठवतो. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने मात्र अष्टांगहृदय या ग्रंथात ‘अभ्यंगमाचरेन्नित्यम्’ (अभ्यंग रोज करावा) असे सांगून तो दिनचर्येत घातला आहे. म्हातारपण, श्रम आणि वात यांचा नाश, सुखाची झोप, चांगली त्वचा आणि शरीराची दृढता ही फळे तो सांगतो. चरकसंहितेतील युक्तिवाद मला अधिक पटतो: वायूचे, म्हणजे वाताचे, प्राबल्य स्पर्शेंद्रियात असते आणि स्पर्शेंद्रिय त्वचेच्या आश्रयाने राहते, म्हणून तेल लावलेले शरीर, वंगण दिलेल्या गाडीच्या आसाप्रमाणे, कष्ट सोसणारे होते.

सकाळी शौच झाल्यावर, अनशापोटी, वारा लागणार नाही अशा खोलीत बसावे. तिळाचे तेल वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्यात ठेवावी. तेल थेट आचेवर तापवू नये. उन्हाळ्यात किंवा उष्ण प्रकृतीच्या माणसाने खोबरेल वापरले तरी चालते. डोके, कान आणि तळपाय यांना विशेष वेळ द्यावा, असा वाग्भटाचाच आग्रह आहे (कानांना बाहेरून तेल लावणे पुरेसे आहे, आत घालू नये). हातापायांवर लांब, सांध्यांवर गोलाकार आणि पोटावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हात फिरवावा. जोर लावण्याची गरज नाही, कारण अंग रगडणे हा अभ्यंगाचा हेतूच नव्हे. पंधरा-वीस मिनिटांनी कोमट पाण्याने स्नान करावे आणि साबणाऐवजी मसूर किंवा हरभऱ्याचे पीठ लावावे, म्हणजे त्वचेतील ओलावा धरून ठेवणारा तेलाचा पातळ थर सगळा धुऊन जात नाही. तेलकट तळपायांनी न्हाणीघराच्या फरशीवर चालणे धोक्याचे असते, विशेषतः वृद्धांसाठी. म्हणून पाय आधी फडक्याने पुसावेत.

कफाचा विकार, अजीर्ण किंवा नुकतेच झालेले वमन-विरेचन (औषधाने करवलेली ओकारी व जुलाब) असताना अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे. तापात, जखमेवर किंवा पुरळावरही तेल चोळू नये. एकाच पायाला अचानक सूज येऊन तो दुखत असेल, तर त्याला मालिश करण्याआधी डॉक्टरांना दाखवणे अत्यावश्यक आहे, कारण शिरेत रक्ताची गुठळी असू शकते.

ज्या दिवशी सवड नसेल, त्या दिवशी रात्री निजताना केवळ तळपायांना तेल लावावे.