भविष्यवाणी वाचताना आधी राजा शोधा

ठाणे-नवी मुंबईत घरोघरी बायबल अभ्यास चालतात, पण लोक कामावरून येईपर्यंत आठ वाजतात आणि हातात जेमतेम तास उरतो. म्हणून एका बैठकीला एकच उतारा घ्या. पवित्र शास्त्र, वही आणि पेन्सिल एवढं पुरतं.

आधी पुस्तकाचं पहिलं वचन वाचा. संदेष्टा, म्हणजे देवाचा संदेश सांगणारा, कोणत्या राजाच्या काळात बोलला हे बऱ्याचदा तिथंच मिळतं. यशया १:१ मध्ये उज्जीया, योथाम, आहाज, हिज्कीया अशी चार नावं आहेत. राजा सापडला की ‘२ राजे’ हे राजांच्या इतिहासाचं पुस्तक उघडून त्याची कारकीर्द वाचा. मग वहीत तीन ओळी लिहा: बोलतो कोण, ऐकतो कोण, ऐकणाऱ्यावर संकट कोणतं. तिसरी ओळ सुचत नसेल तर अर्थ सांगायची घाई करू नका.

यिर्मया २९:११ घ्या. ‘हिताचे संकल्प’ सांगणारं हे वचन वाशीपासून घोडबंदरपर्यंत कितीतरी घरांच्या भिंतीवर आहे. बारावीच्या मुलांना परीक्षेच्या सकाळी तेच पाठवलं जातं. पण अध्यायाच्या सुरुवातीलाच कळतं की हे पत्र आहे, बाबेलला पाडाव करून नेलेल्यांना लिहिलेलं. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सरानं यहूदाचा राजा यखन्या, दरबारी, कारागीर, लोहार यांना यरुशलेमहून नेलं होतं. आता एक अध्याय मागे जा. हनन्या नावाचा खोटा संदेष्टा छातीठोकपणे सांगतोय की दोन वर्षांत सगळे परततील. यिर्मया मात्र लिहितो: घरं बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्नं लावा, त्या शहराचं हित पाहा, सत्तर वर्षं लागतील. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीची वाट दिसणारच नव्हती, आणि अकरावं वचन त्यांनाच उद्देशून आहे. इ.स.पू. ५३९ मध्ये पारसाचा राजा कोरेशानं बाबेल घेतलं, तेव्हा पुढच्या पिढ्यांना परतता आलं. संदर्भानं वचनाचं बळ कमी होतं असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका. ज्याची सुटका लांबली आहे, त्याला खरा धीर याच वाचनातून मिळतो.

यिर्मयात लोक नेहमी एका ठिकाणी अडखळतात: अध्याय काळाच्या क्रमानं नाहीत. चोविसावा सिद्कीयाच्या काळातला, तर पंचविसावा त्याच्याआधीच्या यहोयाकीमच्या चौथ्या वर्षातला. प्रत्येक अध्यायाशेजारी पेन्सिलीनं राजाचं नाव लिहून ठेवा.

नव्या करारात उद्धृत झालेलं वचनही आधी मूळ जागी वाचा. यशया ७:१४ मध्ये कुमारीला मुलगा होईल असं वचन आहे. त्या वेळी अराम आणि इस्राएलचे राजे यरुशलेमवर चालून आलेत, यहूदाचा राजा आहाज हादरलाय. सोळावं वचन मुदत घालतं: मुलाला बरंवाईट कळण्याआधी या दोन राजांचा देश ओसाड होईल. इ.स.पू. ७३२ मध्ये अरामची राजधानी दिमिष्क पडलं, ७२२ च्या सुमारास इस्राएलची राजधानी शोमरोन. हे नीट लिहून झाल्यावर मत्तय १:२२-२३ उघडा आणि मत्तयाला या वचनात येशू कसा दिसतो ते वेगळ्या पानावर मांडा. दोन्ही एकाच ओळीत कोंबलं की आहाज गायब होतो.

बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्यालाही हेच लागू. इफिस, स्मुर्णा, पर्गम अशा रोमी सत्तेखालच्या सात मंडळ्यांना ते लिहिलंय. त्यांना कळूच शकला नसता असा अर्थ, म्हणजे बारकोड किंवा या आठवड्यातलं युद्ध, पहिला अर्थ म्हणून धरू नका.

‘आज आपल्यासाठी काय?’ या प्रश्नाला शेवटची पंधरा मिनिटं राखून ठेवा. कुणी तो आधीच काढला तर वहीत टिपून घ्या आणि उतारा पुढे वाचा.